पहिली इलेक्ट्रिक कार घेताय? आधी चार्जिंगचं बघा

गाडी बुक करण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून 15 अँपिअरचा पॉइंट मिळतो का, ते पक्कं करा. 30 युनिटची बॅटरी त्यावर नऊ-दहा तासांत, म्हणजे रात्रभरात भरते. मग पुण्यातल्या रोजच्या धावपळीसाठी बाहेरच्या चार्जरचं तोंडही बघावं लागत नाही. सोसायटी आढेवेढे घेत असेल तर बुकिंगची घाई करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा कस लागतो तो बाहेरगावी जाताना. ॲपमध्ये हिरवा ठिपका दिसला म्हणून चार्जर चालू असेलच असं नाही. कधी स्क्रीन बंद, कधी पेमेंट अडकलेलं, कधी समोर पेट्रोलची गाडी आडवी लावलेली. म्हणून ताज्या नोंदी वाचा: काल-परवा तिथे कुणाची गाडी चार्ज झालीय का? पेट्रोल पंपावरचा चार्जर असेल तर सरळ फोन करून विचारा. चार्जरची गन, म्हणजे गाडीत लावायचा प्लग, सीसीएस-टू (इथल्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना बसणारा फास्ट चार्जिंगचा प्रकार) आहे ना, तेही बघा. स्कूटरच्या चार्जरवर कार चार्ज होत नाही. दोन-तीन कंपन्यांची ॲप्स घरीच टाकून त्यात थोडे पैसे भरून ठेवा, कारण घाटात मोबाइलची रेंज दगा देते.

मुंबईहून येताना बोरघाटाच्या चढावर बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा घाटाच्या पायथ्याशीच चार्ज करून घ्या. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचंही तेच. फास्ट चार्जरचा वेग 80 टक्क्यांनंतर मंदावतो. तेवढं झालं की गन काढा आणि मागच्याला जागा द्या. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर पहाटेच निघा.