मधमाश्या आपल्याच पोळ्यातल्या नरांना बाहेर का हाकलतात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पहिल्याच मधपेटीच्या दारात दोन-तीन माश्या एका जाडसर माशीला पंख धरून बाहेर ओढत होत्या आणि खाली तशाच आणखी दहा-बारा पडल्या होत्या. ही चोर माशी का, राणीने दिलेली शिक्षा का, आणि त्यांना वाचवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

चोर नाही. ते नर आहेत, बहुधा त्याच पेटीतले. ओढणाऱ्या कामकरी माश्या त्यांच्या बहिणी. राणीचा यात काही हुकूम नसतो. हा सगळा कारभार कामकऱ्यांचा.

मी बरीच वर्षं मधपेट्या सांभाळतोय, आणि नरांना 'ऐतखाऊ' म्हटलेलं मला मनापासून खटकतं. नर मध किंवा परागकण गोळा करत नाही; त्याला परागकण आणायला पायांवर टोपली नसते, मेण पाझरणाऱ्या ग्रंथी नसतात, नांगीही नसते. त्याचं शरीर एकाच कामासाठी घडलंय. एखादा नर हातावर घेऊन बघा, तो चावत नाही की डंख मारत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. हे डोळे आहेत उडत्या राणीला आभाळात हेरण्यासाठी. दुपारी नर बाहेर पडतात आणि वेगवेगळ्या पेट्यांतले नर हवेत ठरावीक जागी जमतात. तिथे आलेल्या कुमारी राणीशी साधारण १० ते २० नरांचा संयोग होतो, आणि ज्याचा होतो तो तिथेच मरतो. म्हणजे नर हे तुमच्या पेटीने दुसऱ्या पेट्यांत पेरायला पाठवलेलं बियाणं आहे. पेटीचा वंश पुढे जायच्या दोन वाटा, एक नवीन राण्या आणि दुसरी हे नर.

आता हिशोब बघा. नर वजनाला कामकरीच्या जवळपास दुप्पट असतो. पहिले काही दिवस कामकरी त्याला भरवतात, नंतर तो स्वतः कप्प्यांतला मध खातो आणि प्रत्येक उड्डाणाआधी पोट भरून घेतो. असे शेकडो, कधी हजारावर नर एका पेटीत असतात. फुलं भरपूर आहेत, आसपासच्या पेट्यांतून कुमारी राण्या उडताहेत, तोवर हा खर्च वसूल होतो. एकदा फुलोरा सरला, थंडी किंवा लांबलेला पाऊस तोंडावर आला, की राण्या उडत नाहीत आणि नराला काम उरत नाही. भूक मात्र तेवढीच राहते. पुढचे काही महिने त्याच साठ्यावर राणी आणि कामकरी जगवायच्या असतात. राणी गेली आणि नवी घडवायला कोवळा पिलावा (अंडी-अळ्या) नसला तर पेटी संपली. नरांचं तसं नाही. हंगाम परतला की फलित न झालेल्या अंड्यातून २४ दिवसांत नवा नर तयार होतो. हो, नराला बाप नसतो. हे योहान झीर्झॉन या मधपाळ धर्मगुरूने १८४५ मध्ये मांडलं, तेव्हा त्याच्याशी वाद घालणारे पुष्कळ होते.

हाकलणं एका दिवसात होत नाही, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या सावकाशपणाने. आधी कामकरी नरांना भरवणं थांबवतात. मग मधाच्या कप्प्यांवरून त्यांना ढकलत ढकलत कडेला नेतात. अशा दिवसांत पेटी उघडली तर सगळ्यात बाहेरच्या, पोळं बसवलेल्या लाकडी चौकटीवर, खालच्या कोपऱ्यात नरांचा दाटीवाटीचा घोळका दिसतो. त्याच चौकटीवर वरच्या बाजूला मध असतो, पण तिथपर्यंत त्यांना कोणी जाऊ देत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासाने ते ढिले पडले की दारातली ओढाताण सुरू होते. एक कामकरी पंखाच्या मुळाशी जबडा रोवते, दुसरी पाय धरते. नर घोगऱ्या आवाजात गुणगुणतो, फळीला पायांनी धरून ठेवतो, सुटला की पुन्हा आत चालू लागतो. डंख सहसा मारत नाहीत, त्याची गरजच पडत नाही. उपाशी नर गार रात्री बाहेर राहिला की सकाळपर्यंत टिकत नाही.

हे सगळं साठ्यावर आणि पेटीत राणी आहे की नाही यावर ठरतं, याचा पुरावा तुम्हाला स्वतः बघता येईल. साखरेचा पाक दिलेल्या पेटीत नर जास्त दिवस टिकतात. आणि ज्या पेटीत राणी नाही, किंवा आहे पण अजून कुमारी आहे, ती पेटी नरांना हाकलत नाही. एका वर्षी माझ्या सगळ्या पेट्यांनी नर काढले आणि एकीने ठेवले. मला वाटलं, हिच्याकडे मध जास्त असेल, आणि मी तीन आठवडे तिला हात लावला नाही. उघडली तेव्हा राणी नव्हती. कामकऱ्यांनीच अंडी घालायला सुरुवात केली होती, कामकऱ्यांच्या छोट्या कप्प्यांतून नरांची फुगीर झाकणं वर आली होती. ती पेटी मी गमावली. तेव्हापासून हंगाम संपल्यावर कुठे नर उरलेत हे मी आधी बघतो आणि तिथे राणी शोधतो.

वाचवण्याबद्दल सांगायचं तर, खाली पडलेले नर उचलून मी पेटीत सोडून पाहिलेत. पाच मिनिटांत पुन्हा बाहेर. दुसऱ्या पेटीत सोडले तरी या दिवसांत तीच गत, एरवी हंगामात परका नरही कुठेही सहज सामावला जातो. त्यांना राहू द्या.

तुमच्याकडे फुलोरा संपलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. संपला असेल तर काळजीचं कारण नाही. पण आसपास फुलं असूनही हे चाललं असेल तर उद्या सकाळी पेटीसमोरची जमीन नीट बघा. मोठ्या नरांबरोबर पांढरी, अर्धवट वाढलेली पिल्लंही बाहेर टाकलेली दिसली, तर पेटी उपाशी आहे आणि पिलावाही कमी करतेय. पेटी मागच्या बाजूने दोन बोटं उचलून वजन बघा. हलकी लागली तर त्याच संध्याकाळी, बाकी माश्या उडायच्या थांबल्यावर, पाक आत ठेवा.