मुलगा म्हणतो ट्रस्ट करा, आम्हाला मृत्युपत्र पुरेल का?

प्रश्न: आम्ही दोघं सत्तरीतले, कोथरूडला राहतो. फ्लॅट माझ्या नावावर, बाकी एफडी आणि थोडे म्युच्युअल फंड. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी सिंहगड रोडला. मुलगा म्हणतो बाबा लिव्हिंग ट्रस्ट करा, मृत्युपत्र कोर्टात अडकतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून बायकोचं नाव आहेच, मग अजून काही करायला हवं का?

उत्तर: काका, मुलगा सांगतोय ते तिकडच्या हिशोबाने बरोबरच आहे. लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे हयातीतच मालमत्ता विश्वस्तांच्या हाती द्यायची आणि त्यांनी ती ठरलेल्या माणसांसाठी सांभाळायची. अमेरिकेत मृत्युपत्र असलं तरी बहुतेक वेळा प्रोबेटसाठी, म्हणजे ते खरं असल्याची कोर्टाची मोहर घ्यायला, कोर्टात जावं लागतं, त्यात महिनोन्महिने जातात म्हणून लोक हयातीतच घर ट्रस्टच्या नावावर करतात. पण पुण्यातल्या फ्लॅटच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाहीये, मग ज्या त्रासातून सुटायचं तो त्रासच इथे नाही. उलट 1882 च्या ट्रस्ट कायद्यानुसार हयातीत फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकायचा तर रजिस्टर्ड दस्त हवा, म्हणजे स्टॅम्प ड्युटी आली, आणि ट्रस्ट कधीही रद्द करता येणारा ठेवला तर उत्पन्नावरचा टॅक्स तुम्हीच भरायचा. मला तरी तुमच्यासाठी हा खर्च पटत नाही.

नॉमिनीवर मात्र अजिबात विसंबू नका! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मृत्युपत्र नसेल तर काकू, मुलगा, मुलगी तिघांचाही सारखा हिस्सा लागतो आणि मग काकूंना स्वतःच्या राहत्या घरासाठी मुलांच्या सह्या गोळा करत बसावं लागतं, मुलं कितीही चांगली असली तरी त्या वयात ही वेळ त्यांच्यावर का आणायची?

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, स्टॅम्प ड्युटी शून्य. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनीही तुमच्यासमोर करायची. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असेच घ्या. नोंदणी सक्तीची नाही पण सब-रजिस्ट्रारकडे जाऊन कराच, सोबत डॉक्टरांचं त्याच दिवशीचं सर्टिफिकेट जोडा, कारण भांडण झालं तर पहिला सवाल तुमच्या मनःस्थितीवरच येतो. नंतर विचार बदलला तर नवीन करता येतं. काकूंनीही स्वतःचं वेगळं करावं.

ट्रस्ट कधी हवा? घरात एखादं स्पेशल मूल असेल, ज्याला पैसा सांभाळता येणार नाही आणि आपल्यानंतर त्याचा दरमहा खर्च कोणीतरी बघायला हवा, तिथे ट्रस्टला खरंच पर्याय नाही आणि तो मृत्युपत्रातूनही करता येतो. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारी व्यक्ती, म्हणून मात्र मुलीला नेमा, सोसायटी नि बँकेच्या चकरा न्यू जर्सीहून होणार नाहीत, आणि हे मुलाला आत्ताच फोनवर सांगून ठेवा.