कामावर जखमी झालेल्याच्या दाव्याला मालकाने उत्तरच दिलं नाही, तर कामगार आपोआप जिंकतो का?

आपोआप नाही, पण निम्मी लढाई मालक तिथेच हरलेला असतो. समन्स मिळाल्यावर उत्तराची मुदत ठरलेली असते: अमेरिकेच्या फेडरल कोर्टात साधारण २१ दिवस; भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नुसार ३० दिवस, कोर्टाने वाढवली तर ९०. जे आरोप नाकारलेच नाहीत ते कबूल धरले जाऊ शकतात. ‘सगळं खोटं आहे’ असं मोघम लिहूनही भागत नाही, मुद्द्यागणिक नाकारावं लागतं. (यंत्राला गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, नव्हतं, या आरोपावर ‘गार्ड होता की नव्हता’ एवढं तरी सांगा ना!) भरपाईचा आकडा मात्र एकतर्फी, म्हणजे मालकाविना चाललेल्या, सुनावणीतही कामगारालाच सिद्ध करावा लागतो, त्यामुळे दवाखान्याची बिलं, पगाराच्या स्लिपा आणि अपंगत्वाचा दाखला तयार ठेवा.

एक मेख आहे. समन्स नीट बजावलंच नव्हतं किंवा हजर न राहण्याला सबळ कारण होतं, असं पटवून भारतात मालक त्याच संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) रद्द करून घेऊ शकतो. म्हणून समन्सची पोचपावती आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेला लिफाफा, दोन्ही जपा.