ग्रीक बायबलच्या हस्तलिखितांना १, २, ३ असे नंबर असतात, त्यातली १ आणि २ सगळ्यात जुनी आहेत का? आणि छापून विक्रीला आलेला पहिला ग्रीक नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) यांच्यावरूनच छापला का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर हो, पण नंबर १ वरून फार थोडं आणि नंबर २ वरून भरपूर, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी सांगतो, मी ना पाद्री ना ग्रीकचा प्राध्यापक. पुण्यात छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काम केलंय, खिळ्यांच्या शेवटच्या दिवसांपासून ते डीटीपीपर्यंत. त्यामुळे कुठलंही जुनं पुस्तक दिसलं की कंपोजला कॉपी कुठली दिली असेल हा प्रश्न मला आधी पडतो, आणि या बाबतीत ती कॉपी अजून शिल्लक आहे, ते पुस्तक संपादित करणाऱ्या इरॅस्मस या डच पंडितानं स्वतःच्या हातानं केलेल्या दुरुस्त्यांसकट!! म्हणून या विषयाचं वेड लागलं.

आता नंबरांचं. ग्रीक नव्या कराराच्या जुन्यातल्या जुन्या पोथ्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. नवव्या शतकाच्या आसपास कॉन्स्टँटिनोपलकडे (आजचं इस्तंबूल) छोटी, जोडून लिहायची वळणदार लिपी आली, लिहायला पटपट आणि चामड्याची पानंही कमी लागतात, मग सगळे तिकडेच वळले. या छोट्या लिपीतली तारीख घातलेली सगळ्यात जुनी पोथी ८३५ सालची आहे. अठराव्या शतकात वेटश्टाइन नावाच्या विद्वानानं १७५१-५२ मध्ये आपली आवृत्ती काढली, त्यात त्यानं मोठ्या अक्षरांच्या पोथ्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली आणि छोट्या लिपीवाल्यांना आकडे. हा माणूस मूळचा स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. मोजायला आपल्याच गल्लीपासून सुरुवात करावी तसं झालं, बाझलच्या पोथ्या १ आणि २ झाल्या. म्हणजे नंबरचा वयाशी काही संबंध नाही. आज या छोट्या लिपीतल्या पोथ्यांची यादी २९०० च्या आसपास गेलीय आणि १ आणि २ या दोघी साधारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या, म्हणजे मूळ लिखाणानंतर हजारेक वर्षांनी उतरवलेल्या.

या पोथ्या बाझलला आल्या कशा? १४३० च्या दशकात बाझलला चर्चची मोठी परिषद भरली होती, तिचा दूत म्हणून रागुझाचा जॉन (रागुझा म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक) कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि येताना ग्रीक पोथ्या घेऊन आला. १४४३ मध्ये तो वारला तेव्हा आपला संग्रह बाझलच्या डोमिनिकन मठाला देऊन गेला. दहाच वर्षांत, १४५३ ला, कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं. इरॅस्मसला मिळाल्या त्या बहुतेक पोथ्या या मठातल्याच. नंबर २ बद्दल मात्र असं सांगतात की मठवाल्यांनी ती दोन ऱ्हाइन गिल्डरला विकत घेतली होती, आणि तेवढेही जास्तच दिले असं नंतरचे पंडित नाक मुरडून म्हणतात 😀

आता इरॅस्मस. १५१४ ला तो बाझलला आला तो फ्रोबेनच्या छापखान्यासाठी. तिकडे स्पेनमध्ये आल्कालाला कार्डिनल सिस्नेरोसच्या लोकांनी ग्रीक नवा करार १५१४ मध्ये छापूनसुद्धा ठेवला होता, पण तो पोपच्या परवानगीत अडकला, ती मिळाली १५२० ला. तेवढ्या वेळात फ्रोबेननं बाजी मारली. १५१५ च्या शरद ऋतूत छपाई सुरू आणि १५१६ च्या मार्चमध्ये पुस्तक तयार, एका बाजूला ग्रीक, शेजारी इरॅस्मसचं लॅटिन, शेवटी टीपा, एकूण हजारेक पानं. खिळे एकेक उचलून जुळवायचे, ग्रीकच्या मात्रा-स्वरचिन्हांसकट. ज्यानं कंपोजिंग बघितलंय त्याला कळेल हा वेग म्हणजे काय प्रकार आहे. इकोलाम्पाडियस आणि गर्बेल हे दोघं प्रुफं बघायला होते. नंतर खुद्द इरॅस्मसच लिहून गेला की हे पुस्तक संपादित करण्यापेक्षा घाईघाईत ढकललं गेलं.

वेळ नाही म्हटल्यावर नवी स्वच्छ प्रत कोण लिहून काढणार? त्यानं शुभवर्तमानांसाठी (येशूच्या चरित्राची चार पुस्तकं) सरळ नंबर २ ची पोथी उचलली, ओळींच्या मधे आणि समासात शाईनं दुरुस्त्या केल्या आणि ती चामड्याची, तीन-चारशे वर्षं जुनी पोथी छापखान्यात पाठवली. प्रेषितांची कृत्ये आणि पत्रे यांच्यासाठी दुसरी एक पोथी, तिच्यावरही तेच. म्हणजे नंबर २ हे धर्मग्रंथाचं हस्तलिखित तर आहेच, पण आमच्या भाषेत ती प्रेसकॉपी आहे. आज कुठल्या ग्रंथालयात कुणी असं केलं तर पोलिसच बोलावतील, पण मला विचाराल तर राग येत नाही, त्या दुरुस्त्यांमुळेच आपल्याला कळतं की त्यानं काय बदललं आणि काय तसंच जाऊ दिलं.

बरं, मग नंबर १ का नाही? तिच्यात प्रकटीकरण (नव्या कराराचं शेवटचं पुस्तक) सोडून सगळा नवा करार आहे आणि शुभवर्तमानांचा मजकूर नंबर २ पेक्षा कितीतरी जुन्या धारेतला आहे असं आजचे अभ्यासक मानतात. मार्कच्या शेवटाला तिच्यात टीप आहे की काही प्रतींमध्ये हे शुभवर्तमान आधीच, म्हणजे आत्ताच्या १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनाला संपतं. आणि 'ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा' ही योहानातली प्रसिद्ध गोष्ट तिच्यात नेहमीच्या जागी नाही, पुस्तकाच्या शेवटी आहे, बहुतेक प्रतींत ती नाही असं सांगून. म्हणजे ज्या मूळ प्रतीवरून हे उतरलं ती तयार करणारा कुणीतरी अनेक प्रती शेजारी ठेवून बघणारा होता. इरॅस्मसनं ती चाळली, कुठे कुठे वापरलीही, पण बाकीच्या ग्रीक पोथ्यांशी जुळत नाही म्हणून तिच्यावर विसंबला नाही, त्याला वाटलं लॅटिनशी जुळवून घेतलेली असेल. जुळत नाही म्हणून संशय, हे प्रुफं बघणाऱ्या कुणालाही पटेल असं आहे, पण इथे नेमकं वेगळेपण हाच जुनेपणाचा पुरावा निघाला. ते नीट दाखवून दिलं कर्सप लेक या इंग्रज अभ्यासकानं १९०२ मध्ये, तिच्या जातीच्या ११८, १३१ आणि २०९ नंबरच्या पोथ्या तिच्याबरोबर मांडून.

आणि वयच बघायचं तर त्याच मठाकडे आठव्या शतकातली मोठ्या अक्षरांची शुभवर्तमानंही होती, तिला कोडेक्स ई म्हणतात. ती इरॅस्मसनं वापरल्याचं दिसत नाही. अर्थात वापरली असती तरी फार फरक पडला नसता, कारण तिचा मजकूर पुढे सगळीकडे चालला त्याच वळणाचा आहे. म्हणून 'सगळ्यात जुनी कुठली' हा प्रश्न मला एकट्यानं पुरेसा वाटत नाही, बाराव्या शतकातल्या पोथीत आठव्या शतकातल्या पोथीपेक्षा जुना मजकूर असू शकतो, तिनं नक्कल कुठून केली त्यावर आहे.

सगळ्यात पंचाईत झाली ती प्रकटीकरणाची. बाझलमध्ये त्याला त्याची पोथीच मिळेना, शेवटी रॉयख्लीन या जर्मन पंडिताकडून एक उसनी आणली, बाराव्या शतकातली, आज तिचा नंबर २८१४. तिच्यात मूळ मजकूर आणि आंद्रेयास नावाच्या बिशपचं भाष्य एकात एक मिसळलेलं, त्यामुळे आधी मजकूर वेगळा उतरवून घ्यावा लागला आणि त्यातही चुका शिरल्या. वर शेवटचं पानच गायब! म्हणजे शेवटची सहा वचनं नाहीत. इरॅस्मसनं काय केलं, तर लॅटिन बायबल समोर ठेवून त्यावरून स्वतःच ग्रीक लिहून टाकलं. त्यामुळे त्या वचनांत असे काही शब्द छापले गेले की जे त्याच्या आधीच्या एकाही ग्रीक पोथीत नाहीत. ग्रीक पोथ्यांमध्ये 'जीवनाच्या झाडातला वाटा' आहे, त्याच्या हातच्या लॅटिनमध्ये 'जीवनाच्या पुस्तकातला' होतं, तेच ग्रीकमध्ये आलं आणि तिथून १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलपर्यंत पोचलं. १५२७ च्या चौथ्या आवृत्तीत स्पेनवाल्यांचा ग्रंथ हाती आल्यावर त्यानं प्रकटीकरणात बऱ्याच दुरुस्त्या केल्या पण हे मात्र राहून गेलं.

तोवर गाडी खूप पुढे गेली होती. दुसरी आवृत्ती १५१९ ची, ल्यूथरनं १५२२ मध्ये जर्मन नवा करार केला तो तिच्यावरून. टिंडलनं १५२६ ला इंग्रजी केलं तेव्हा तिसरी आवृत्ती त्याच्या हाताशी होती. पुढचे संपादक मोजकी डागडुजी करत तोच मजकूर छापत राहिले आणि १६३३ मध्ये लेडनच्या एल्झेव्हिर प्रकाशकांनी प्रस्तावनेत बिनदिक्कत लिहिलं की हा सर्वांनी स्वीकारलेला मजकूर आहे. कुणी कधी स्वीकारला हे विचारायची सोय नव्हती, जाहिरातच होती ती.

चौथ्या शतकातली व्हॅटिकनची पोथी तेव्हा अस्तित्वात नव्हती असं नाही बरं का, इरॅस्मसला तिची माहिती होती, १५३३ मध्ये सेपुल्वेदा या स्पॅनिश पंडितानं रोमहून तिच्यातली ३६५ वेगळी ठिकाणं त्याला कळवली, पण त्यानं तीही लॅटिनच्या वळणाची म्हणून बाजूला सारली. नंबर १ च्या वेळचा संशय म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत सोडला नाही.

तुम्हाला बघायच्या असतील तर १, २ आणि कोडेक्स ई तिन्ही आज बाझल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. स्विस पोथ्यांची ई-कोडिसेस नावाची साईट आहे, तिच्यावर बाझलच्या पोथ्यांची पानं मोठी करून बघता येतात. नंबर २ ची पानं कुठे मिळाली तर मूळ लेखकाचं घोटीव अक्षर एक आणि मधल्या जागेत घुसवलेलं बारीक घाईचं अक्षर दुसरं, एवढं बघा, ग्रीक येत नसलं तरी कळतं. रॉयख्लीनची ती पोथी बरीच वर्षं कुठे आहे तेच कुणाला माहीत नव्हतं, १८६१ मध्ये डेलिच नावाच्या जर्मन प्राध्यापकाला एका सरदार घराण्याच्या संग्रहात सापडली आणि त्यामुळेच इरॅस्मसच्या छापील पानाशी ताडून बघता आलं. ती आता आउग्सबुर्ग विद्यापीठात आहे, शेवटचं पान अजूनही नाही.