मंद कोण, मुलं की मोबाईल?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्रात एम.ए. करते. प्रबंधासाठी स्ट्रूप चाचणी ('लाल' हा शब्द निळ्या शाईत दिसला, तर शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा) ऑनलाइन केली आणि शहरी व ग्रामीण विद्यार्थ्यांची तुलना करायला लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. काहींची उत्तरं ९० मिलिसेकंदांत आली, काहींना एकेका शब्दाला अर्धा मिनिट लागला. गाइड म्हणतात, फार जलद आणि फार संथ असतील ते काढून टाक. आई म्हणते, हे सोड आणि समुपदेशनाकडे जा. संशोधनात करिअर करण्याची माझी लायकी आहे का?

उत्तर : तुला ते ९० मिलिसेकंद खटकले, त्यावर तू थांबलीस. या क्षेत्रात नेमकी हीच नजर लागते, त्यामुळे लायकीचा प्रश्न बाजूला ठेव. आधी डेटाबद्दल बोलू.

रंग बघून, ठरवून, बोट दाबायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद तरी लागतातच. त्याहून जलद उत्तर म्हणजे रंग नीट बघण्याआधीच बोट पडलेलं. ती उत्तरं काढ, त्यात वाद नाही. संथ उत्तरांबाबत मात्र थांब. अर्धा मिनिट म्हणजे मध्येच फोन आला असेल, ते एक उत्तर वगळता येईल. पण सरासरीनंच संथ असलेली मुलं सरसकट काढलीस तर कोण गळेल? ज्यांच्याकडे जुना, स्वस्त मोबाईल आहे ती. म्हणजे बहुधा तुझ्या ग्रामीण गटातलीच. आणि ती ठेवून सरळ सरासरी वेळ ताडून पाहिलीस, तर 'ग्रामीण मुलं संथ' असा निष्कर्ष निघेल, जो खरं तर मोबाईलचा असू शकेल. हा निष्कर्ष एकदा छापला गेला की त्या मुलांच्या माथी बसतो. म्हणून मला हा मुद्दा फार गंभीर वाटतो.

मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपनं १९३५ मध्ये मूळ प्रयोग छापील कार्डांवर केला. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, तर न जुळणाऱ्या शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०. एवढा फरक साध्या घड्याळानं मोजता येतो. बटण दाबायच्या चाचणीत हाच फरक दर शब्दामागे शंभरेक मिलिसेकंदांवर येतो. ६० हर्ट्‌झचा स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनीच चित्र बदलतो, टचस्क्रीनला स्पर्श नोंदवायला आणखी वेळ लागतो. दोन मोबाईलांत पन्नास मिलिसेकंदांची तफावत सहज पडते.

तरी तुझं काम वाया गेलेलं नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या न जुळणाऱ्या शब्दांच्या वेळेतून त्याच्याच जुळणाऱ्या शब्दांचा (निळ्या शाईतला 'निळा') वेळ वजा कर. मोबाईलचा ठरावीक उशीर दोन्हीकडे सारखाच असल्यानं तो बराचसा निघून जातो. २०१३ मध्ये क्रम्प आणि सहकाऱ्यांनी ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर, म्हणजे पैसे देऊन ऑनलाइन छोटी कामं करून घेण्याच्या संकेतस्थळावर, लोक घेऊन स्ट्रूपसारखे प्रयोग केले, तेव्हा नेहमीचे परिणाम ऑनलाइनही दिसले होते. कुणी दोनदा चाचणी दिली का, धाकट्या भावाच्या हाती मोबाईल दिला का, हे मात्र वजाबाकीला कळत नाही. ते चाचणीतच विचारायला हवं होतं: कुठलं उपकरण, आजूबाजूला कोण, आधी दिली होती का. 'उत्तर काहीही असलं तरी पैसे कापणार नाही' असं सांगून विचारलं की लोक खरं बोलण्याची शक्यता वाढते. तू पैसे देत नाहीस, तर गुण कापले जाणार नाहीत असं सांग.

वगळण्याचे नियम डेटा बघण्याआधी लिहून ठेवायचे असतात. तुझा डेटा बघून झालाय, म्हणून प्रबंधात तसं स्पष्ट लिही आणि निकाल दोन्ही तऱ्हेनं दाखव: वगळून आणि न वगळता. गाइडना हे विरोध म्हणून नको, 'सर, संथ मुलं काढली तर ग्रामीण गटातली किती जातात, ते एकदा मोजून दाखवू का?' असं विचार. जमलं तर तीसेक विद्यार्थ्यांना तीच चाचणी कॉलेजच्या संगणकावर आणि स्वतःच्या मोबाईलवर, क्रम बदलून, दे. ते एक प्रकरणच तुझ्या प्रबंधाचा कणा होईल.

आता करिअर. सायकोपाय किंवा जेएसपीसायक ही असे प्रयोग बनवायची सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. सायकोपायमागे पायथन आहे, जेएसपीसायकमागे जावास्क्रिप्ट. एक धर, नीट शिक, सोबत आकडेमोडीसाठी 'आर' ही संगणक भाषा. आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, अलाहाबाद विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ इथे बोधविज्ञानाचं (कॉग्निटिव्ह सायन्स) काम चालतं. प्रवेशाच्या अटी त्यांच्या संकेतस्थळांवर बघ. प्रयोगशाळांना प्रकल्प सहायक लागतात. शैक्षणिक चाचण्या आणि वापरकर्ता संशोधन करणाऱ्या कंपन्यांनाही अशी माणसं हवी असतात.

आईंचं म्हणणंही टाकाऊ नाही. समुपदेशन हे पूर्ण वेगळं, चांगलं काम आहे; पण रुग्णांवर उपचार करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. तिकडे मन ओढत असेल तरच जा. डेटा बिघडला म्हणून जाऊ नकोस.

सहायकाच्या जागेसाठी अर्ज करशील तेव्हा सोबत चाचणीचा कोड, वगळण्याचे नियम आणि किती उत्तरं का काढली याचा तक्ता जोड.