प्रांताने वेगळं राष्ट्र मागावं का?

प्रश्न : आदरणीय बाई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय : ‘क्वेबेक प्रांताने कॅनडातून बाहेर पडून सार्वभौम व्हावं का?’ विषय जाहीर झाला तेव्हा वर्गातला एक जण म्हणाला, ‘ही अनुकूल बाजूनंच बोलणार. सीमाभागातली मराठी माणसं फुटीरच की!’ मला काही बोलता आलं नाही. 1956 मध्ये आमचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला म्हणून आमचे आजोबा अजूनही 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. आमचं आणि क्वेबेकचं दुखणं एकच आहे का? मी कोणती बाजू घेऊ?
– एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : बाळ, आधी त्या मुलाचं बोलणं घेऊ, कारण ते तुला लागलंय. सार्वभौमत्व मागणं म्हणजे स्वतःचं सैन्य, स्वतःचा पासपोर्ट मागणं. आजोबांनी यातलं कधी काही मागितलं नाही. त्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं आहे, आणि ती वाट घटनेच्या तिसऱ्या कलमातच आहे : राज्यांच्या सीमा संसद साध्या कायद्याने बदलू शकते. देशाचा तुकडा परक्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, असं सुप्रीम कोर्टाने 1960 मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितलं. 1963 पासून संसदेच्या आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ घ्यावी लागते. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदारही तीच शपथ घेऊन विधानसभेत बसले. एवढं त्याला शांतपणे सांग.

दुखणं मात्र ओळखीचं आहे. क्वेबेकमधल्या मॉन्ट्रियल शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण मोठ्या कंपन्यांत वरचा कारभार इंग्रजीत चाले. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका कन्नडमधली नोटीस घेऊन माझ्याकडे येतात, वाचून घेतात आणि ‘काही वाईट नाही ना?’ असं विचारतात. त्यांचा चेहरा पाहिला की तिथल्या कामगाराला काय वाटत असेल ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

रने लेवेक यांनी 1968 मध्ये पार्ती क्वेबेक्वा हा सार्वभौमत्व मागणारा पक्ष काढला, 1976 मध्ये सत्ता मिळवली आणि पुढच्याच वर्षी ‘कायदा 101’ आणला. कारखान्यातलं काम, दुकानाची पाटी, बाहेरून आलेल्यांच्या मुलांची शाळा, सगळीकडे फ्रेंच. सार्वभौमत्वावर दोनदा जनमत झालं. 1980 मध्ये साठेक टक्के लोक ‘नको’ म्हणाले. 1995 मध्ये ‘नको’ 50.58 टक्के आणि ‘हवं’ 49.42; फरक जेमतेम 54 हजार मतांचा.

माझं मत विचारशील तर ‘नको’. भाषा वाचवण्याचं मोठं काम त्या कायद्याने कॅनडात राहूनच केलं. पण माझ्या लेखी त्याहून जड कारण आहे क्री लोकांचं. क्वेबेकच्या उत्तरेकडच्या जेम्स बेच्या परिसरातले हे मूळ रहिवासी. क्वेबेकने त्यांच्याच नद्यांवर विजेसाठी प्रचंड धरणं बांधली. 1995 च्या जनमताच्या काही दिवस आधी क्रींनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं आणि 96 टक्क्यांहून अधिक लोकांनी क्वेबेकबरोबर कॅनडाबाहेर जायला नकार दिला. क्वेबेकला कॅनडातून निघता येतं, तर क्रींना क्वेबेकमधून का नाही? सार्वभौमत्ववाद्यांचं म्हणणं, प्रांताची सीमा अभंग आहे. हे वाचून मला राग येतो. 1956 मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेलं, तेव्हा इथल्या माणसांची मतं कुणी मोजली होती?

हाच प्रश्न आपल्या मागणीलाही लावायला हवा. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालाने 1967 मध्ये तुझं नंदगड महाराष्ट्राला द्यावं म्हटलं, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवावं म्हटलं. त्याच नंदगडात इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये इंग्रजांनी फाशी दिली, आणि कन्नड माणसं आजही त्याच्या समाधीला येतात. उद्या रेघ सरकली तर इथल्या कन्नड घरातल्या आजीची नोटीस कोण वाचून देणार? मी महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूचीच आहे, पण तिला तिच्या भाषेत नोटीस मिळेल अशी हमी आपण आधी द्यायला हवी, असं मी समितीच्या लोकांनाही सांगत आले आहे.

तेव्हा प्रतिकूल बाजू घे, पण ‘मागणी करणं हाच देशद्रोह’ असं चुकूनही बोलू नकोस. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये म्हटलं की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. महाराष्ट्राचा सीमादावा आपल्या सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे. समोर बसून बोलण्याचं असं बंधन आपल्याकडे कुणावर असतं तर किती बरं झालं असतं!

भाषणात क्रींचं मतदान सुरुवातीलाच घे, टक्केवारी नंतर. आणि आजोबांना एकदा म्हणून दाखव. 1956 बद्दल ते जे सांगतील ते लिहून ठेव.