टायरला दोष देण्याआधी ट्रेलरचा काटा करा

तुम्ही विचारलंय की दोन अ‍ॅक्सलच्या ट्रॅव्हल ट्रेलरचे (गाडीमागे ओढायचं, चार चाकांवरचं घर) दोन टायर एकाच उन्हाळ्यात फुटले, दोन्ही चिनी बनावटीचे, नक्षी अजून चांगली होती. तर ‘लोड रेंज सी’ (लोड रेंज म्हणजे टायर किती ओझं पेलतो त्याची श्रेणी) काढून त्यावरचे ‘डी’ घालावेत का?

घाला. पण आधी काटा करून, म्हणजे भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर तोलून आणा.

मी टेक्सासात डॅलसजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी मेमोरियल डेच्या (मे अखेरच्या) सुट्टीत आम्ही ट्रेलर घेऊन बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाला निघालो होतो. ओडेसा सोडल्यावर, मोनाहन्सच्या अलीकडे, डाव्या बाजूचा मागचा टायर गेला. आधी नुसती थरथर जाणवली, मग खालून कुणी फळीने बडवावं तसा दणदण आवाज. उतरून पाहिलं तर नक्षीचा अख्खा पट्टा सुटलेला आणि स्टीलच्या तारा केरसुणीसारख्या पिंजारलेल्या. त्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा वर वाकवला होता, सांडपाण्याचा पाइप मोडला होता, ब्रेकची वायर तोडली होती. गाडीत मागे दोन्ही मुलं बसलेली. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

टायर फुटतो एका दिवशी, पण मरत असतो कित्येक दिवस. हवा कमी किंवा वजन जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त दबतो, आतून तापतो, आणि रबराची स्टीलच्या पट्ट्यांवरची पकड हळूहळू सुटत जाते. बाहेरून नक्षी नवी दिसते. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयाने आणि उष्णतेने जातात.

आता आकडे. आमचे टायर एसटी२०५/७५आर१४ (एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठीचा टायर, पुढचे आकडे मापाचे), लोड रेंज सी. साइडवॉलवर लिहिलेलं होतं: थंड टायरात ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असताना १७६० पौंड. चार टायरांचे झाले ७०४०, ट्रेलरच्या वजनाची मर्यादा ७०००. कागदावर सगळं बसतं. परत आल्यावर ट्रेलर मुद्दाम तसाच भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर नेला. दोन्ही अ‍ॅक्सल मिळून ६४८० पौंड, म्हणजे टायरमागे १६२०. मला वाटलं, ठीकच तर आहे. पण हा काटा डावं-उजवं वेगळं सांगत नाही. मग एका खडीच्या यार्डात विनंती करून फक्त डावी चाकं काट्यावर घेतली. ३४८०! उजवीकडे उरले ३०००. स्लाइड-आउट (बाहेर सरकवता येणारा खोलीचा भाग), फ्रीज, ओटा सगळं डावीकडे, आणि ओट्याखाली आम्हीच रचलेलं तांदूळ, कणीक, कुकर, पाण्याचे कॅन. डाव्या टायरवर सरासरी १७४० पौंड. शिल्लक फक्त २०.

तीही हवा पूर्ण असेल तर. हाच टायर ४५ पीएसआयला १६४० पौंड पेलतो आणि ४० ला १५३०. मी महिनोन्‌महिने नुसतं बघून ‘हवा आहे’ म्हणत होतो. शिवाय वेग. एसटी टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर त्याची मर्यादा ताशी ६५ मैल धरायची. मी ७५ ने चाललो होतो, कारण पश्चिम टेक्सासात आय-२० महामार्गावर सगळेच तसे जातात, काही पट्ट्यांत तर ८० ची परवानगी आहे. ती परवानगी रस्त्याची आहे, टायरची नाही.

इथे लोक अशा टायरांना ‘चायना बॉम्ब’ म्हणतात. काही टायर खरोखर वाईट निघतातही. पण आमच्या ट्रेलरखाली कुठल्याही देशाचा त्याच मापाचा टायर घातला असता तरी त्याचे हालच झाले असते.

तुमचे दोन्ही टायर एकाच बाजूचे होते का, हे नक्की आठवून बघा. एक गेला की थांबेपर्यंत त्या बाजूचं जवळजवळ सगळं ओझं शेजारच्यावर येतं. तो वरून धड दिसला तरी मार खाल्लेला असतो. आमचा तो शेजारचा टायर पुढे दोनशे मैलांवर फुगवटा धरून बसला. म्हणून बदलताना जोडी बदला.

‘डी’बद्दल एक गैरसमज फार आहे. याच मापाचा ‘डी’ टायर २०४० पौंड पेलतो, पण ६५ पीएसआयला. त्यात ५० च भरली तर तो ‘सी’ इतकंच, १७६० च पेलणार. म्हणजे पैसे गेले आणि फायदा शून्य. रिमवर कोरलेली मर्यादाही बघा, आणि रबरी वॉल्व्हऐवजी धातूचे बसवून घ्या. अ‍ॅक्सलची ताकद मात्र टायर बदलून वाढत नाही, त्यामुळे सामान वाढवायला ही सूट समजू नका. हवा सकाळी, निघण्याआधी मोजायची. वाटेत तापून वाढलेली दिसली तरी सोडायची नाही. चाकांवर हवा सांगणारे सेन्सर लावा, माझ्या मते हा खर्च टाळू नये.

आणि स्टेपनीची तारीख बघा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कधी ही पूर्ण ओळ टायरच्या आतल्या बाजूला असते, तेव्हा खाली वाकावं लागतं. आमची स्टेपनी तोवर एकदाही रस्त्याला लागली नव्हती, पण सात वर्षं ट्रेलरमागे उन्हात लटकलेली. चढवली तेव्हा तिच्या खाचांत भेगा दिसत होत्या. तिच्यावर ४५ च्या वेगाने, कडेच्या लेनमधून, आम्ही मोनाहन्स गाठलं.